तारण म्हणजे सोनं का सातबारा?

मूर्तिजापूरच्या बाजाराकडे जाताना एका भिंतीवर काही वर्षं दोन मजकूर शेजारी-शेजारी होते. एक पतसंस्थेचा: सोनेतारण कर्ज, कमी व्याज, त्वरित मंजुरी. दुसरा आमच्याच कोणीतरी निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेला: येशूच जगाचा तारणारा. कापसाचे पैसे उचलायला गावात आलेल्या एका काकाजींनी चहाच्या टपरीवर मला विचारलं, "काहो भाऊ, तुमच्याकडं तारण काय ठेवा लागते? सोनं का सातबारा?"

टपरीवरचे सगळे हसले, मीही हसलो. काकाजी हसले नाहीत. त्यांनी खरंच विचारलं होतं. वऱ्हाडात तारण म्हणजे गहाण. सोयाबीनची पोती बाजार समितीच्या गोदामात ठेवून उचल घेतात, ती शेतमाल तारण योजना. बायकोच्या पाटल्या ठेवून पेरणी करतात, ते सोनेतारण. आमच्याकडे तारण म्हणजे पापातून सुटका. ज्या शब्दावर आमचा सगळा धर्म उभा आहे, तो शब्द शेजाऱ्याच्या कानात बँकेच्या खिडकीसारखा वाजतो, हे मला त्या दिवशी कळलं. मीच त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही, हे त्याहून वाईट.

अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या संस्थेनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला हे केंद्र धरून वऱ्हाडात काम सुरू केलं; मूर्तिजापूर हे त्यातलंच एक ठाणं. म्हणजे आम्ही इथे काल-परवा आलेले नाही. चार पिढ्या शेजारी राहतो, एकाच नळाचं पाणी भरतो, एकमेकांच्या मयतीला जातो. तरी आमच्या मंडळीच्या भिंतीआत रविवारी नेमकं काय चालतं, हे विचारलं तर अर्धं गाव खांदे उडवेल आणि उरलेलं काहीतरी भलतंच सांगेल.

यात शब्दांचा दोष किती आणि मनाचा किती, हे आधी पाहू. 'मंडळी' हा आमचा चर्चसाठीचा शब्द. बाहेर मंडळी म्हणजे घरची माणसं, नाहीतर भजनी मंडळ. थट्टेत बोलायचं तर बायको. 'पाळक' म्हणजे आमचे धर्मगुरू, पण ऐकणाऱ्याला शाळेतली पालकसभा आठवते. 'आमचे वडील ठरवतील' असं आम्ही म्हणतो तेव्हा आमच्या मनात मंडळीचे निवडलेले जबाबदार लोक असतात. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढा पन्नाशीचा माणूस, अजून बापाला विचारून वागतो. 'साक्ष' म्हणजे आमच्यात विश्वासाचा अनुभव सांगणं, बाहेर कोर्ट. फाटकावरच्या पाटीवर 'उपासना सकाळी 9 वा.' असं वाचून शेजारच्या मावशींनी माझ्या आईला विचारलं होतं, "तुमच्यात आयतवारी उपास अस्ते काय बाई? मंग संध्याकाळी काय खाता?"

यावर सोपा उपाय सुचतो: हे शब्द टाकून द्या, चारचौघांसारखं बोला. मला तो उपाय पुरता पटत नाही. प्रत्येक जुन्या घराची एक बोली असते. वारकऱ्याला 'काला', 'रिंगण', 'माळकरी' हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, आणि ते बदला असं कोणी म्हणतही नाही. 'तारण' हा शब्द माझ्या आजीनं मरताना उच्चारला होता. पतसंस्थेनं तो भिंतीवर रंगवला म्हणून मी तो सोडून देऊ का? आतल्या माणसाला आतले शब्द हवेतच. त्यांना पिढ्यांचं वजन असतं, रडण्याच्या वेळी तेच तोंडात येतात.

शब्द निवडण्यावरून मराठी ख्रिस्ती लोकांत मोठी माणसं दोन टोकांना गेली आहेत, आणि दोघांचाही हेतू एकच होता: बाहेरच्याला कळावं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवी हातात घेतली. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते मानत, आणि म्हणून संतांची भाषा त्यांना परकी वाटलीच नाही. 1917 साली त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. पंडिता रमाबाई नेमक्या उलट बाजूला. संस्कृतातल्या ज्यांच्या विद्वत्तेनं कलकत्त्याचे पंडित थक्क झाले, त्या बाईंनी बायबलचं भाषांतर करताना जड संस्कृत शब्द वेचून बाहेर काढले. एक तर ते शब्द केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या दुष्काळात वाचलेल्या अडाणी बायकांना कळत नव्हते. दुसरं, त्या शब्दांबरोबर जुने अर्थही चोरपावलांनी आत येतात असं त्यांना वाटे. हिब्रू आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षं खपून त्यांनी ते काम केलं. 1922 साली त्या गेल्या. पूर्ण बायबल 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

टिळकांची गीतं आजही वऱ्हाडातल्या प्रत्येक मंडळीत पेटी-तबल्यावर म्हटली जातात. रमाबाईंचं भाषांतर मंडळ्यांत फारसं रुजलं नाही. यावरून टिळक बरोबर आणि रमाबाई चूक असा निकाल देण्याचा मोह होतो, पण तो घाईचा होईल. संतांचे शब्द घेतले की ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटतं, आणि त्या ओळखीत फरक बुडून जातो. "म्हंजे आमच्यासारखंच आहे की तुमचं," असं कौतुकानं म्हणणाऱ्याला आपण आतून काही वेगळं मानतो हे सांगायचं राहून जातं. मग पुढे कधी तो फरक उघडा पडला, की त्याला वाटतं आपल्याला फसवलं. रमाबाईंना हीच भीती होती आणि ती खोटी नव्हती.

टिळकांच्याच घरात बघा. अख्ख्या महाराष्ट्राला कळेल असं लिहिणाऱ्या या कवीनं 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला अंधारात ठेवून. लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं, ते त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको. पुढे काही वर्षं दोघं वेगळी राहिली. लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या 1900 साली, स्वतःच्या डोक्यानं विचार करून. सर्वात जवळचं माणूस हेच पहिलं बाहेरचं माणूस असतं, आणि तिथेच टिळकांची वाणी अडली. त्यांना दोष द्यायला मी बसलेलो नाही. सांगितलं असतं तर कदाचित घेऊच दिला नसता, हेही खरं. पण न सांगण्याची किंमत त्यांच्यापेक्षा लक्ष्मीबाईंनी जास्त मोजली.

आता दुसरी जात शब्दांची, जे कळत नाहीत म्हणून नव्हे तर कळतात म्हणून घोटाळा करतात. एका नाताळच्या कार्यक्रमाला माझे एक सहकारी शिक्षक पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. मुलांचं नाटक झालं, गाणी झाली, आणि शेवटी प्रार्थनेला उभे राहिलेल्या पाहुण्या वक्त्यानं डोळे मिटून, माइकवर, हात वर करून मागितलं: प्रभू, हे मूर्तिजापूर शहर आम्हाला दे. गल्लीन् गल्ली दे. पीक तयार आहे, कापणी होऊ दे. मंडळी जोरानं आमेन म्हणाली. मीही म्हणालो, सवयीनं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सर हळूच म्हणाले, "काल आमचं गाव मागून घेतलं म्हणे तुम्ही?"

त्यांना काय सांगणार? आत बसलेल्याला माहीत असतं की यात कुणाच्या जमिनीचा, मतांचा, देवळाचा संबंध नाही. लोकांचं भलं व्हावं एवढ्यासाठीची ती जुनी भाषा आहे. पण ज्या गावात कापणी म्हणजे विळा आणि उभं पीक आडवं, तिथे स्वतःला उभं पीक समजून ऐकणाऱ्याच्या पोटात काय होत असेल? 'आत्मे जिंकणे', 'आत्मिक लढाई', 'जगातले लोक', 'अंधारातले लोक' हे शब्द आम्ही दर रविवारी वापरतो. त्यातले कित्येक तर इंग्रजी प्रवचनांवरून उचललेले, मराठी मातीत कधी रुजलेच नाहीत. ते गेले तर कोणाची आजी रडणार नाही.

इथे आमच्यातले सावध लोक म्हणतात, दिवस बरे नाहीत, आता बोलूच नका. दार लावून घ्या, माइक बंद करा, पाटीही काढा. या सावधपणाला नावं ठेवणं सोपं आहे, पण तो अनुभवातून आला आहे. प्रार्थनासभेवर लोक चालून गेल्याच्या बातम्या देशभरातून येतात. शेजारच्या मध्य प्रदेशात 1968 पासून धर्मांतरावर कायदा आहे. 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राज्यघटनेच्या 25 व्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा म्हणून वेगळा हक्क त्यात नाही. प्रसार कुठे संपतो आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे ठरवायला गावात न्यायाधीश नसतो, गर्दी असते. जो पाळक भाड्याच्या खोलीत वीस माणसं घेऊन बसतो, त्याला 'स्पष्ट बोला' असा सल्ला मी पुण्या-मुंबईतून आलेल्या तज्ज्ञाच्या थाटात देणार नाही.

तरीही गप्प बसल्यानं काय होतं, याचा धडा वऱ्हाडाच्या पदरी आहे. 1954 साली, वऱ्हाड मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपुरात होती तेव्हा, सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. समिती 14 जिल्ह्यांत फिरली, त्यांत अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळही होते. 11,360 लोकांना भेटली. कॅथलिक पुढारी सुरुवातीला समितीसोबत फिरले, मग निषेध नोंदवून बाजूला झाले आणि उच्च न्यायालयात गेले. एप्रिल 1956 मध्ये ती याचिका फेटाळली गेली. अहवाल आला तो कडक: ज्या परदेशी मिशनऱ्यांचा मुख्य हेतू धर्मांतर आहे त्यांना परत पाठवा, औषधोपचाराचा धर्मांतरासाठी वापर कायद्यानं बंद करा.

आमची बाजूही ऐका. समितीत ख्रिस्ती सदस्य एकच, वर्ध्याचे गांधीवादी एस. के. जॉर्ज, आणि त्यांना चर्चची माणसं आपला प्रतिनिधी मानत नव्हती. प्रश्नावलीच अशी की उत्तर देणारा आधीच आरोपी ठरावा, असं ख्रिस्ती संस्थांचं म्हणणं होतं. न्यायालयात जाणं हा त्यांचा हक्क होता. हे सगळं मान्य केलं तरी एक उरतं. आमच्याविषयीचा सरकारी दस्तऐवज लिहिला गेला तेव्हा त्यात आमच्या तोंडचं कमी आणि आमच्याविषयी दुसऱ्यांच्या तोंडचं जास्त होतं. सत्तर वर्षं होत आली, अजून तोच अहवाल उघडून दाखवला जातो.

आणि त्याच 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या वेळी याच नियोगींनी स्वतः बौद्ध धम्म स्वीकारला. धर्मांतराची चौकशी करणारा न्यायाधीश सहा महिन्यांत स्वतःच धर्म बदलतो, यात मला विसंगती दिसत नाही. बाबासाहेबांनी येवल्याला 1935 साली सांगून टाकलं होतं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि मग 21 वर्षं साऱ्या देशासमोर वाद घालत, वाचत, विचारत त्यांनी पाऊल टाकलं. काय सोडायचं आणि काय धरायचं ते 22 प्रतिज्ञांत, शाळकरी पोराला कळेल अशा मराठीत. पटो न पटो, त्यात लपवलेलं काही नव्हतं. वऱ्हाडातल्या बौद्ध शेजाऱ्याला त्याचा धर्म काय आहे हे विचारा, तो सांगतो. आमच्या पोराला विचारा, तो आधी इकडे-तिकडे बघतो.

इकडे-तिकडे बघण्याचं एक कारण फार अवघड आहे आणि त्याबद्दल आम्ही आपसातही बोलत नाही. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती आधी हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना मिळतात, ख्रिस्त्याला नाही. (आदिवासींना धर्माची अट नाही, त्यामुळे मेळघाटातल्या कोरकू ख्रिस्त्याची गोष्ट वेगळी.) म्हणून कागदावर एक आणि रविवारी एक अशी घरं आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सांगितलं की चर्चला जाऊन ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि आरक्षणापुरतं हिंदू म्हणवायचं, ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. धर्म बदलल्यानं गावानं लावलेली जात पुसली जात नाही, हे इथला कुत्राही जाणतो. म्हणून मला तो 1950 चा नियम अन्यायाचा वाटतो. पण नियम आहे तोवर, बाप्तिस्म्याच्या आधी त्या माणसाला समोर बसवून, तुझ्या पोराच्या दाखल्याचं पुढे काय होईल ते सांगणं मंडळीचं काम आहे. मी पाहिलेल्या कुठल्याही बाप्तिस्म्याच्या वर्गात हा धडा नव्हता. सगळं खरं बोलण्याचा आग्रह धरायचा आणि त्याचा भुर्दंड फक्त मजुराच्या पोरानं भरायचा, असं होता कामा नये. इथे माझ्याकडे सुबक उत्तर नाही.

'चंगाई सभे'बाबत, म्हणजे आजार बरे होण्यासाठी भरवलेल्या प्रार्थनासभेबाबत, मात्र उत्तर सोपं आहे. पोस्टरवर आंधळे-लंगडे आणि टाकलेल्या कुबड्या छापायच्या, आणि कोणी विचारलं की 'आम्ही फक्त प्रार्थना करतो' म्हणायचं, हे दुटप्पी आहे. प्रार्थनेनं धीर येतो, मी तो घेतला आहे. पण शुगरची गोळी बंद करा असं स्टेजवरून कोणी सुचवलं तर ते पाप आहे आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या काळात तो गुन्ह्याचाही विषय होऊ शकतो. वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल नाझरीन मिशननं 1938 साली काढलं. ज्या लोकांनी या भागात दवाखाने उभारले, त्यांच्या नातवंडांनी कुबड्यांची पोस्टरं लावावीत?

पैशाचंही तसंच. 'तुम्हाला अमेरिकेतून पैसे येतात' हे वाक्य न ऐकलेला वऱ्हाडी ख्रिस्ती विरळा. परदेशी देणगी घ्यायला 2010 च्या कायद्याखाली केंद्रीय गृहखात्याची नोंदणी लागते, न्यासाचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. बहुतेक लहान मंडळ्यांच्या पेटीत दहा-वीसच्या नोटा असतात आणि पंख्याच्या दुरुस्तीला वर्गणी काढावी लागते. हे सांगायला लाज कसली? दरवर्षीचा हिशेब फाटकाच्या आत फळ्यावर लावला तर निम्म्या अफवा दमतील.

मग बोलायचं कसं? मूर्तिजापूरकराला यासाठी लांब जायची गरज नाही. गाडगेबाबांचं आजोळ दापुरा याच तालुक्यातलं. 1925 साली त्यांनी मूर्तिजापुरात गोरक्षणाचं काम उभं केलं, धर्मशाळा आणि विद्यालय बांधलं. बाबा कीर्तनात आधी विचारत, समोरच्याकडून उत्तर काढून घेत, आणि त्या उत्तराला धरून पुढे जात. अडाण्याला कळत नाही असा शब्द त्यांच्या तोंडी क्वचित. आणि तरी ते मवाळ नव्हते. देवाला बोकड कापणाऱ्याला ते त्याच्या तोंडावर सुनावत. सोपं बोलणं म्हणजे गुळमुळीत बोलणं, हा गैरसमज निदान वऱ्हाडात तरी टिकू नये. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' केलं, त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद पाद्र्याला कशाला, असा आरडाओरडा झाला तरी ते व्यासपीठावर गेले आणि बोलले. त्यांनी आपण धर्मगुरू आहोत हे लपवलं नाही.

माझं मत असं झालं आहे. आतली बोली आत राहू द्या, पण दारात उभं राहून तीच गोष्ट शेजाऱ्याच्या शब्दांत सांगता आली पाहिजे. ज्या प्रार्थना शेजारी ऐकेल या भीतीनं हळू म्हणाव्या लागतात, त्या आतही म्हणू नयेत. आणि येशूवर दुसऱ्यानंही विश्वास ठेवावा असं आम्हाला वाटतं, हे झाकू नये. ते झाकून 'आम्ही फक्त समाजसेवा करतो' म्हणणं हे लोकांना सर्वात जास्त खुपतं, आणि त्यांचं खुपणं बरोबर आहे.

म्हणून आमच्या मंडळीच्या वडिलांना (म्हणजे जबाबदार मंडळींना, माझ्या बाबांना नव्हे) मी एक मजकूर दिला आहे. 'उपासना सकाळी 9 वा.' ही पाटी उतरवा आणि हे लिहा: "हे ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनेचं घर आहे. रविवारी सकाळी 9 ते 11 आम्ही गाणी म्हणतो, बायबल वाचतो, त्यावर बोलतो, सगळ्यांसाठी प्रार्थना करतो. कोणीही येऊन बसावं. आल्यानं कोणी ख्रिस्ती होत नाही, आणि व्हावं म्हणून इथे कोणाला काही दिलं जात नाही. येशूवर आमचा विश्वास आहे, तुमचाही बसावा असं वाटतं. का, ते विचाराल तर सांगू. आजारी असाल तर आधी डॉक्टरकडे जा. हिशेब आत फळ्यावर आहे."

पेंटरला विचारून ठेवलं आहे. अक्षरं जास्त आहेत, दोन दिवस लागतील म्हणाला. नाताळाला अजून वेळ आहे.